जूनचं काम ऑक्टोबरात: विद्यापीठात नव्यानं पद मिळालेल्यांसाठी

नेमणुकीचं पत्र मिळतं त्या दिवशी पेढे येतात, पुष्पगुच्छ येतात आणि किल्ल्यांचा एक जुडगा येतो. त्यातल्या दोन किल्ल्या कुठल्याच कुलपाला लागत नाहीत, आणि त्या कशाच्या हे कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर नस्त्या, म्हणजे सरकारी भाषेतल्या फायली, येऊ लागतात.

मुंबईतल्या एका सार्वजनिक विद्यापीठात मी वीस वर्षं शिकवलं आणि मग ज्येष्ठतेनं विभागप्रमुख झालो. पहिल्याच आठवड्यात दोन नस्त्या समोर आल्या. एक प्रयोगशाळेच्या गळक्या छताची, दुसरी नव्या पदविका अभ्यासक्रमाची. दोन्ही मला अर्ध्या दिवसाची कामं वाटली. छताला दोन पावसाळे लागले आणि अभ्यासक्रम वर्षभर उशिरा सुरू झाला. कोणी मुद्दाम अडवलं नव्हतं, कोणी काही मागितलंही नव्हतं. मलाच तीन गोष्टी ठाऊक नव्हत्या: विषय कोणाच्या अखत्यारीतला, तारीख कोणती आणि लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं अर्थसंकल्पातलं सदर, कोणतं.

हा लेख नव्या विभागप्रमुखांसाठी, संचालकांसाठी, अधिष्ठात्यांसाठी आणि अध्यापनातून प्रशासनात आलेल्या सगळ्यांसाठी आहे. 'प्रभारी' असलात तरी वाचा. प्रभारी माणसाला सही करायची तेवढीच असते आणि उत्तरं मात्र पूर्णवेळ द्यावी लागतात.

पहिली पायरी: विषय कोणाच्या अखत्यारीतला?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ची मराठी प्रत मिळवा आणि टेबलाच्या वरच्या खणात ठेवा. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा कायदा होता. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ असो की महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं एसएनडीटी, दोघांनाही हाच कायदा. तो कादंबरीसारखा सलग वाचायला जाऊ नका, झोप लागेल. आधी अधिकाऱ्यांचं प्रकरण वाचा, मग प्राधिकरणांचं. कोण काय करू शकतो आणि कोणत्या मंडळात काय ठरतं, एवढं त्या दोन प्रकरणांत मिळतं. कायद्याखाली परिनियम, त्याखाली अध्यादेश, विनियम, आणि सगळ्यात शेवटी परिपत्रकं. दोन कागद एकमेकांच्या विरोधात गेले की वरचा खरा. कार्यालयात मात्र बहुतेक वेळा शेवटचं परिपत्रक खरं धरलं जातं, म्हणून हे सांगितलं.

प्राधिकरणांची नावं सुरुवातीला गोंधळात टाकतात. मी ती अशी लक्षात ठेवली. काय शिकवायचं हा प्रश्न असेल तर रस्ता अभ्यास मंडळापासून सुरू होतो, विद्याशाखेतून जातो आणि विद्या परिषदेत संपतो. पैसा, मालमत्ता, नेमणुका, करार असं काही असेल तर व्यवस्थापन परिषद. पेपर, निकाल, गुणपडताळणी असेल तर परीक्षा व मूल्यमापन मंडळ. आणि वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर करायचा, विद्यापीठाला चार गोष्टी सुनवायच्या, तर अधिसभा, म्हणजे आपली सिनेट. ती वर्षातून किमान दोनदा भरते. तिथे प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक असतात आणि पदवीधरांनी निवडून दिलेले १० प्रतिनिधीही असतात. नव्या माणसाला सिनेटची भीती वाटते, कारण वर्तमानपत्रांत तिथला गदारोळच छापून येतो. प्रत्यक्षात सिनेट सदस्याचा प्रश्न हा तुमच्या विभागाकडे वरिष्ठांचं लक्ष वेधण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग असतो. उत्तर वेळेत आणि खरं द्या, पुढच्या वर्षी तोच सदस्य तुमच्या प्रयोगशाळेसाठी भांडेल.

माणसांपैकी ही पदं नीट समजून घ्या. कुलपती म्हणजे राज्यपाल. कुलगुरू शैक्षणिक आणि प्रशासकीय प्रमुख. कुलसचिव या मोठ्या प्राधिकरणांचे सचिव. विषयपत्रिका त्यांच्या कार्यालयातून निघते आणि इतिवृत्तही. त्यामुळे कुठला विषय कोणत्या बैठकीत येणार हे जाणून घ्यायचं तर कुलगुरूंच्या दालनाबाहेर तासभर बसण्यापेक्षा कुलसचिव कार्यालयातल्या सभा विभागात दहा मिनिटं उभं राहावं. वित्त व लेखा अधिकारी 'नाही' म्हणतात असा त्यांचा लौकिक असतो. ते 'अजून नाही' म्हणतात. त्या दोहोंतला फरक पुढे येईलच.

विद्यापीठाच्या भिंतीबाहेरही निर्णय होतात, हे २०२० साली सगळ्यांनी पाहिलं. करोनामुळे अंतिम वर्षाच्या परीक्षा घेऊ नयेत असं राज्य सरकारचं म्हणणं, त्या घ्यायलाच हव्यात असं विद्यापीठ अनुदान आयोगाचं म्हणणं, आणि मधे लाखो विद्यार्थी. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपत्तीचं कारण देऊन राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतील, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. त्या काही महिन्यांत ज्या विभागप्रमुखांनी 'परीक्षा रद्द' असं गृहीत धरून प्रश्नसंचांचं काम थांबवलं, त्यांची सप्टेंबरमध्ये फार धावपळ झाली. वरचे भांडत असताना खालच्यानं दोन्ही शक्यतांची तयारी ठेवायची असते.

दुसरी पायरी: तारीख मागून मोजा

ही पायरी मला सगळ्यात महाग पडली, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

छताचंच उदाहरण घ्या. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. जलरोधनाचं काम कोरड्या हवेत व्हायला हवं, म्हणजे एप्रिल-मे. ठेकेदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिळायला हवा. त्याआधी निविदा: जाहिरात, मुदत, तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, तुलनात्मक तक्ता, मान्यता. कोणी आलंच नाही तर फेरनिविदा. याला जानेवारीपासून सुरुवात केली तर जमतं. निविदेआधी अभियांत्रिकी विभागाचं अंदाजपत्रक हवं. त्यांचा माणूस येऊन छत मोजणार, म्हणजे डिसेंबर. आणि या सगळ्याआधी तरतूद.

इथे खरी मेख आहे. विद्यापीठाचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. अर्थसंकल्प वित्त व लेखा समितीतून व्यवस्थापन परिषदेत जातो आणि साधारण मार्चमध्ये अधिसभेत मंजूर होतो. विभागांकडून मागण्या त्याच्या चार-पाच महिने आधी मागवतात. मुंबईतला दुरुस्तीचा हंगाम बरोबर ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पडतो. मार्चमध्ये कार्यादेश आणि मेमध्ये देयक, असं झालं की जुन्या वर्षाची तरतूद गेलेली आणि नव्या वर्षात ती मागितलेलीच नाही. माझं पहिलं वर्ष असंच वाया गेलं. मेच्या शेवटी मी वित्त विभागात गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी अगदी मायेनं सांगितलं, "सर, हे ऑक्टोबरात सांगायचं होतं." जूनमध्ये आम्ही यंत्रांवर निळी ताडपत्री घातली. या शहरात निम्म्या इमारतींवर तीच असते, त्यामुळे कोणाला वावगंही वाटलं नाही.

म्हणून पद मिळाल्याच्या पहिल्या महिन्यात एक मोठा कागद घ्या आणि त्यावर बारा महिने आखा. पुढच्या पावसाळ्याआधी काय दुरुस्त व्हायला हवं, जूनच्या प्रवेशांआधी काय ठरायला हवं, दिवाळीच्या सुट्टीआधी कोणती परीक्षा आटपायची, असे शेवट आधी लिहा. मग मागे मागे या. माझ्या अनुभवात प्रत्येक कामाची सुरुवात मनात होती त्याच्या सहा ते आठ महिने आधी जाऊन पडते. गणपती, दिवाळी, नाताळ, मार्चअखेर आणि निवडणुकीची आचारसंहिता या काळात नस्ती हलत नाही असं समजून चाला. हलली तर आनंद मानावा.

अभ्यासक्रमाचंही तसंच. जूनमध्ये प्रवेश द्यायचे तर माहितीपुस्तिका मेमध्ये हवी, म्हणजे विद्या परिषदेची मान्यता एप्रिलच्या आत. विद्याशाखेची बैठक त्याआधी, अभ्यास मंडळ डिसेंबर-जानेवारीत, आणि मंडळापुढे ठेवायचा मसुदा दिवाळीत. हे सगळं मी दुसऱ्या वर्षी नेमकं केलं आणि तरी अडकलो, कारण शुल्काला वेगळी मान्यता लागते हे लक्षातच आलं नाही. अभ्यासक्रम मंजूर, शिक्षक तयार, आणि फी किती घ्यायची ते ठरलेलं नाही. नव्या अभ्यासक्रमाच्या प्रस्तावाबरोबर शुल्क, शिक्षक, जागा आणि परीक्षेची पद्धत असे चार कागद एकत्रच जोडा. नंतर जोडलेला कागद पहिल्या कागदाला कधीच गाठत नाही.

याहून लांबचं नियोजनही कायद्यात आहे. विद्यापीठाला दर पाच वर्षांसाठी बृहत आराखडा करावा लागतो: कोणत्या भागात कोणती महाविद्यालयं, कोणते अभ्यासक्रम हवेत याचा. मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असं सात जिल्ह्यांचं आहे. आराखड्याचं काम सुरू झालं की विभागप्रमुखांकडे माहिती मागवणारं पत्र येतं आणि बहुतेक जण ते लिपिकाकडे सरकवतात. सरकवू नका. आराखड्यात नसलेली गोष्ट पुढे पाच वर्षं मागताना प्रत्येक वेळी "आराखड्यात आहे का?" हे ऐकावं लागतं.

तिसरी पायरी: टिप्पणी लिहायला शिका

शोधनिबंध लिहिणाऱ्या माणसाला टिप्पणी, म्हणजे मान्यतेसाठी नस्तीवर लिहायचं टिपण, लिहिता येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. आपण पार्श्वभूमीला दोन पानं देतो आणि मागणी शेवटच्या ओळीत कुठंतरी पुसट करून टाकतो. माझी पहिली टिप्पणी अशी संपली होती: "तरी छताबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." नस्ती बारा दिवसांनी परत आली. वर हिरव्या शाईत दोनच शब्द: "चर्चा करावी." बरोबरच होतं. योग्य ती कार्यवाही कोणती, ते मलाच माहीत नव्हतं, तर सही करणारा कशावर करणार?

दुसऱ्यांदा मला एका निवृत्तीला आलेल्या कक्ष अधिकाऱ्यानं शेवटचं वाक्य लिहून दिलं: "प्रयोगशाळा क्र. २ च्या छताच्या जलरोधनासाठी पृष्ठ ७ वरील अंदाजपत्रकानुसार होणाऱ्या खर्चास प्रशासकीय मान्यता द्यावी, सदर खर्च इमारत दुरुस्ती या लेखाशीर्षातून करण्यास व निविदा प्रसिद्ध करण्यास परवानगी द्यावी." या वाक्याखाली 'मान्य' एवढंच लिहिलं की काम सुरू होतं. टिप्पणीची परीक्षा हीच. शेवटच्या वाक्याखाली 'मान्य' लिहून काम होतं का, ते आपणच वाचून पाहायचं.

शेवटच्या वाक्याच्या आधी काय असावं? विषय एका ओळीत. मग अडचण, शक्य तर एखाद्या आकड्यासह: किती यंत्रं, किती विद्यार्थी, किती दिवस प्रात्यक्षिकं बंद. मग कोणत्या नियमाखाली मागता आहात. मग किती खर्च, तो कुठल्या शीर्षातून, त्या शीर्षात आज शिल्लक किती. शिल्लक लिहिली नाही तर नस्ती फक्त तेवढं विचारायला खाली येते आणि एक आठवडा जातो. जुन्या मान्यतेचा संदर्भ असेल तर त्याची प्रत पत्रव्यवहाराच्या बाजूला लावा आणि पृष्ठ क्रमांक घाला. पृष्ठ क्रमांक नसलेल्या नस्तीतून कागद गळतात. कसे, ते विचारू नका.

दोन शब्दांत गल्लत करू नका. प्रशासकीय मान्यता म्हणजे 'हे काम करायचं'. वित्तीय मान्यता म्हणजे 'यासाठी पैसे आहेत'. बांधकाम असेल तर तिसरी, तांत्रिक मान्यता: 'अंदाजपत्रक बरोबर आहे'. वित्त अधिकाऱ्यांचं 'अजून नाही' बहुतेक वेळा यातली एक मान्यता राहिलेली असल्यामुळे असतं. कोणती राहिली ते विचारा, वाद घालू नका.

पर्यायही लिहा. "फक्त हेच करावं" असं सांगणारी नस्ती सही करणाऱ्याच्या मनात शंका आणते. दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, आणि तुमची शिफारस कोणती व का, हे चार ओळींत मावतं. आणि लिहिताना एक भान ठेवा: माहितीचा अधिकार, २००५ खाली टिप्पणीचं पानसुद्धा कोणीही मागू शकतो. सहकाऱ्याबद्दलचा राग, एखाद्या पुरवठादाराबद्दलचं कौतुक, 'तोंडी सांगितल्याप्रमाणे' असली वाक्यं तिथे नकोत. तोंडी आदेश मिळाला असेल तर त्याच दिवशी "आज झालेल्या चर्चेनुसार" असं लिहून नस्ती सादर करा, म्हणजे तो लेखी होतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ, आधी पाहा. तिथे वस्तू नसेल तर तसं नमूद करा. मोठी खरेदी मर्यादेखाली बसवण्यासाठी तिचे तुकडे पाडण्याचा सल्ला कोणीतरी अनुभवी माणूस देईलच. त्याला चहा पाजा आणि सल्ला विसरा. लेखापरीक्षक एकाच आठवड्यातली तीन सारखी देयकं पहिल्या तासात शोधतात.

चौथी पायरी: बैठकीच्या आधीची बैठक

मुंबईतली एक व्यावहारिक गोष्ट. मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी बरेच शैक्षणिक विभाग आणि परीक्षा भवन कलिन्याला आणि जुनं मुख्यालय फोर्टात, राजाबाई टॉवरच्या सावलीत. नस्ती गाडीनं जाते, आपण सांताक्रूझहून चर्चगेट लोकल पकडतो. आठवड्यातला एक ठरावीक दिवस फोर्टसाठी राखून ठेवा. त्या दिवशी अडकलेल्या सगळ्या नस्त्यांची यादी खिशात, आणि प्रत्येकीचा आवक क्रमांक. "सर, आमचं ते छताचं..." असं म्हटलं की कोणालाच काही आठवत नाही. क्रमांक आणि तारीख सांगितली की कपाट उघडतं.

खालच्या पायरीवरच्या माणसांना मान द्या. वरिष्ठ लिपिक, कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव यांनी शंभर विभागप्रमुख येता-जाता पाहिलेत. मसुदा कुलगुरूंकडे जाण्याआधी त्यांना दाखवला तर निम्म्या त्रुटी तिथेच निघतात. आणि त्यांना 'अहो' म्हणा. प्राध्यापकी थाटात एकेरी हाक मारणाऱ्यांच्या नस्त्या विलक्षण सावकाश चालतात, असं माझं निरीक्षण आहे.

समितीतल्या सदस्यांना विषय पहिल्यांदा बैठकीतच कळू देऊ नका. विरोध होईल असं वाटतं त्या दोघांना आधी फोन करा. मत बदलण्यासाठी म्हणून करू नका, त्यांची हरकत समजून घ्या. माझ्या अभ्यासक्रमाला एका ज्येष्ठ बाईंचा विरोध होता. फोनवर कळलं की हरकत अभ्यासक्रमाला नाही, शनिवारच्या तासिकांना आहे. त्यांच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी कर्जत-कसाऱ्याहून येतात आणि संध्याकाळी परतायला उशीर होतो. तासिका सकाळी घेतल्या. बैठकीत त्याच सूचक झाल्या.

पाचवी पायरी: बैठक

विषयपत्रिका वाचून जा, सोबतच्या जोडपत्रांसह. गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान उपस्थिती, झाली का ते पाहा. नसेल तर झालेला ठराव नंतर कोणीही उपटून काढू शकतो. महत्त्वाचा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात आणण्याचा मोह टाळा. तो त्या दिवशी मंजूर होईल, पण न वाचता मंजूर झालेल्या विषयाची जबाबदारी पुढे कोणी घेत नाही.

ठराव नेमक्या कोणत्या शब्दांत झाला ते बैठकीतच मोठ्यानं वाचून घ्या. 'तत्त्वतः मान्यता' हा शब्दप्रयोग ऐकला की सावध व्हा. त्यात आनंद असतो, अधिकार नसतो. इतिवृत्ताचा मसुदा आला की त्याच दिवशी तपासा आणि दुरुस्ती लेखी कळवा. ते पुढच्या बैठकीत कायम झालं की संपलं. कृती अहवालात आपला विषय 'कार्यवाही सुरू आहे' असा सलग तिसऱ्यांदा दिसला, तर ती सुरू नाही हे ओळखा आणि फोर्टचा दिवस त्यासाठी वापरा.

सहावी पायरी: घाई असेल तेव्हा

कायद्याच्या कलम १२(७) खाली कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी, एरवी एखाद्या प्राधिकरणानं घ्यायचा निर्णय स्वतः घेता येतो. नंतर तो त्या प्राधिकरणाला कळवावा लागतो. नव्या माणसाला हे कलम फार आवडतं. "बारा-सातमध्ये करून घेऊ" हे वाक्य पहिल्या महिन्यातच कानावर येईल. पण सप्टेंबरपासून माहीत असलेलं काम मार्चमध्ये तातडीचं होत नाही, आपण उशीर केलेला असतो. शिवाय हा अधिकार कुलगुरूंचा आहे, विभागप्रमुखाचा नाही. तुमचं काम फक्त तातडी का आहे ते खरंखरं लिहून देण्याचं.

खरी तातडी या शहरात पाऊस आणतो. हवामान खात्याचा लाल इशारा, रुळांवर पाणी, आणि सकाळी साडेदहाचा पेपर. अशा वेळी परीक्षा पुढे ढकलायची तर निर्णय आदल्या संध्याकाळी व्हायला हवा. वसई-विरारचा किंवा कर्जतचा विद्यार्थी सकाळी सहाला घर सोडतो. नऊ वाजता निघालेलं परिपत्रक त्याला दादरच्या फलाटावर भिजत वाचावं लागतं. तुमच्या हातात निर्णय नसेल, पण वर कळवणं आहे: आपल्या केंद्रावर किती विद्यार्थी, ते कुठून येतात, इमारतीभोवती पाणी भरतं का. ही माहिती मेमध्येच तयार ठेवा.

सातवी पायरी: मोठा बदल करायचा असेल तर

मुंबई विद्यापीठाचा २०१७ सालचा उन्हाळा अजून कोणी विसरलेलं नाही. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. पारदर्शकता आणि वेग हेच हेतू होते. पण सगळ्या शाखांना एकाच हंगामात नवी पद्धत लागू झाली आणि तयारीला पुरेसा वेळच राहिला नाही. कायदा सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागावा. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली, परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी कलिन्याला खेटे घालत राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

यातून विभागप्रमुखाच्या पातळीवर घ्यायचं ते असं. नवी पद्धत आधी एका छोट्या विषयावर, एका सत्रात करून पाहा. जुनी पद्धत त्या काळात मोडू नका. अडचण आली तर परतायला वाट हवी. निविदेचं काम परीक्षेच्या वेळापत्रकाशी जोडून आखा, कारण पुरवठादार उशिरा आला म्हणून परीक्षा थांबत नाही. आणि ज्याला प्रत्यक्ष काम करायचंय त्याला आधी बोलवा. आठवड्याला किती उत्तरपत्रिका तपासून होतात हे परीक्षकाइतकं कोणालाच माहीत नसतं. सादरीकरणाच्या पडद्यावर तो आकडा नेहमी दुप्पट असतो.

भरतीबद्दल, फार न बोलता

रिक्त पद भरणं तुमच्या हातात नाही असं समजून कामाला लागा. आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), बिंदुनामावलीची (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याच्या यादीची) मागासवर्ग कक्षाकडून तपासणी, शासनाची मान्यता, जाहिरात, छाननी, निवड समिती, आणि मधे कोणीतरी न्यायालयात. याला वर्षं जातात. मागणी मात्र दर वर्षी लेखी करत राहा, कारण न मागितलेलं पद नको होतं असं धरलं जातं. तोवर तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन मिळणाऱ्या, शिक्षकांचा प्रस्ताव एप्रिलमध्येच पाठवा. त्यांचे आदेश जूनआधी आणि मानधन वेळेवर निघेल याकडे स्वतः लक्ष द्या. तुमचा निम्मा विभाग तीच मुलं चालवतात.

आठवी पायरी: निर्णय सांगणं

परिपत्रक काढताना आधी ते कोणासाठी आहे ते लिहा, मग काय करायचं, मग शेवटची तारीख. संदर्भ शेवटी. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे अडीच ओळी चाललं की वाचणारा मोबाइल खिशात ठेवतो. मुदत देताना नकाशा डोळ्यांसमोर आणा. सावंतवाडीचं महाविद्यालय मुंबईपासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. 'दोन दिवसांत स्वाक्षरीसह मूळ प्रत फोर्ट कार्यालयात सादर करावी' असं लिहिणाऱ्यानं एकदा रात्रीच्या गाडीनं तो कागद घेऊन स्वतः यावं. शुक्रवारी रात्री संकेतस्थळावर टाकलेल्या परिपत्रकाची मुदत सोमवारी संपू नये, एवढी माणुसकी पाळली तरी पुष्कळ. मजकूर मराठीत काढा, आणि ज्यांना इंग्रजी लागतं त्यांना इंग्रजी प्रतही द्या. दोन्हींतली तारीख एकच आहे ना, ते तपासा. हसू नका, तपासा.

पद सोडताना

विभागप्रमुखपद फिरतं. शेवटच्या महिन्यात एक हस्तांतरण टिप्पणी लिहा: चालू नस्त्यांची यादी, प्रत्येकीचा आवक क्रमांक, ती आज कोणत्या टेबलावर आहे, पुढची तारीख कोणती. न वापरलेल्या तरतुदी. प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे मिळालेला निधी ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचे दाखले. तोंडी दिलेले शब्द, कारण ते कुठेच लिहिलेले नसतात आणि लोक मात्र ते मागायला येतात. माझ्या नंतर आलेल्या बाईंना मी अशी चार पानं दिली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, या दोन किल्ल्या कशाच्या?" मी त्या टिप्पणीत पाचवा मुद्दा घातला.